नाथीचा वाटा

खाडीच्या तोंडाशी तेव्हा दिवा नव्हता आणि होड्यांना यंत्रं नव्हती. माणसं शिडाच्या आणि वल्ह्याच्या जोरावर समुद्रात जात, आणि मासा कुठं आहे हे डोळ्यांनी नाही, कानांनी शोधत. त्या काळातली ही गोष्ट तिवरपाड्याला अजून सांगतात. सांगणारा आधी सगळ्यांना गप्प करतो आणि पाण्याचा आवाज नीट ऐकू आला की मगच तोंड उघडतो.

घोळ हा मोठा मासा. अंगावर सोनेरी झाक, आणि पोटात आवाज. थव्यानं फिरताना तो घुमतो, जसा लांबच्या गावच्या लग्नात ढोल वाजावा. पण वर हवेत ते काही कळत नाही. होडीतून वल्ह्याचं पातं पाण्यात खोल सोडायचं, दांडा कानाशी घट्ट धरायचा, श्वास रोखायचा, आणि मग लाकडातून तो घुमार वर चढत येतो. हे ज्याला जमे त्याला तिवरपाड्यात ऐक्या म्हणत. साऱ्या गावाच्या होड्या एका ऐक्याच्या मागून जात. त्यानं बोट दाखवलं तिथं जाळी पडत. त्याचे कान म्हणजे गावाची चूल.

म्हणून गावानं ऐक्याला देवासारखं जपलं, आणि जपता जपता एक रीत पडली. ज्याच्या तोंडाला मासळीचा वास, त्याच्याशी मासा बोलत नाही, असं कुणीतरी म्हणालं. त्या दिवसापासून ऐक्यानं मासा सोडला. पुढच्या पिढीनं पालेभाजी काढली, कारण हिरव्या रंगानं वल्ह्याला शेवाळ धरतं म्हणे. त्याच्या पुढच्यांनी डाळ काढली, कुळीथ काढले, नाचणी काढली. राहिलं ते पांढरं ताट. तांदूळ उखळात सडून सडून मोगऱ्यासारखा करायचा, त्यावर नारळाचं दूध, आणि घरोघरून आलेले बत्तासे. ऐक्याचं पोर हातात वल्हं घ्यायला लागलं की त्याच्यापुढं हे ताट यायचं, ते जन्मभर.

आणि प्रत्येक ऐक्या बहिरा व्हायचा. म्हातारा होऊन नाही, ऐन उमेदीत. आधी वल्ह्यातला घुमार जायचा, मग पाखरं जायची, मग घरच्यांची हाक. गाव हात जोडून म्हणायचं, समुद्रानं कान मागून घेतले. मग त्याला हार घालून बंदरावरच्या कट्ट्यावर मानानं बसवायचे. तो तिथं बसून, लोक हसले की हसायचा, आणि कधी कधी लोक रडत असले तरी हसायचा.

अशा ऐक्याच्या घरात नाथी सून होऊन आली.

ती खाडीच्या वरच्या अंगाच्या, चिखलात तिसऱ्यांची शिंपली वेचणाऱ्या लोकांतली. तिच्या माहेरी ऐक्या नव्हता, व्रत नव्हतं, जे मिळे ते सगळे खात. दिसायला साधी, बोलायला कमी. सासरा जोमा कट्ट्यावर बसलेला, कानांनी लाकूड झालेला. नवरा लडकू आता गावचा ऐक्या. आणि सासू यमूबाय अशी की घरामागं कुणी मडक्यावरचं झाकण सरकवलं तर ती बंदरावरून ओरडे, "मांजर आलं गो, नाथे!"

गावचे लोक म्हणत, यमूबायच्या कानाला कडीच नाही.

पहिली काही वर्षं बरी गेली. मग एके दिवशी नाथीनं लडकूला मागून हाक मारली आणि तो वळला नाही. तिला वाटलं, कामात असेल. मग पाळण्यातली लेक रडून रडून निळी झाली आणि लडकू तिच्या शेजारीच जाळं विणत बसलेला. नाथी धावत आली तेव्हा त्यानं मान वर केली आणि विचारलं, "उठली काय गो?"

पुढं एकदा तो समुद्रावरून आला आणि म्हणाला, "वल्ह्यात आज वारा भरला होता."

वल्ह्यात वारा कधी भरतो? तिला कट्टा दिसला. हार दिसला. लेक बोलायला लागेल तेव्हा तिचा बाप चुकीच्या जागी हसत बसलेला दिसला.

असं म्हणतात की त्यानंतर नाथी कितीतरी दिवस नुसती बघत राहिली. देवाला नवस नाही केला, भगताकडं नाही गेली. उखळात तांदूळ सडताना ती अंगणाकडं बघे. कोंडा पाखडून टाकला की कोंबड्या धावत येत. मासळीची आतडी, डोक्याचे तुकडे, भाजीचे देठ, सगळं त्यांच्या वाट्याचं. आणि आभाळात घार नुसती पंख हलवून गेली, माणसाला जाणवलंही नाही, की सगळ्या कोंबड्या एकदम माना वर करत.

मग ती सासूकडं बघू लागली. सासू आणि सासरा एका घरात राहिले, एकाच खाडीचा वारा खाल्ला, एकाच विहिरीचं पाणी प्यायले. वेगळं काय होतं? ताट वेगळं होतं. यमूबायच्या वाट्याला नेहमी उरलंसुरलं. घोळीचं डोकं विकलं जात नाही म्हणून ते तिचं. शेवग्याचा पाला, टाकळा, तिळाची चटणी, कुळथाचं कढण, लाल तांदळाची पेज. मानाचं ताट जोमानं खाल्लं आणि टाकाऊ ते तिनं, आणि आज कोण ऐकत होतं?

नाथीनं मुसळ खाली ठेवलं. त्या दिवशी तांदूळ अर्धाच सडला.

तिनं घोळीचं डोकं मंद आचेवर इतकं शिजवलं की हाडं सुटून आली, आणि ते पाणी गाळून भात त्यातच लावला. शेवग्याचा पाला चिरून भाताच्या ढिगाखाली दडवला, तीळ कुटून नारळाच्या दुधात मिसळले, आणि वरून ते दूध ओतून सगळं पांढरं केलं. बत्तासे पोरांत वाटून टाकले.

लडकूनं पहिला घास घेतला आणि थांबला.

"भाताला आज चव कसली गो?"

"नवा तांदूळ आहे."

"हा तांदूळ चांगला आहे," लडकू म्हणाला, आणि त्यानं दुसऱ्यांदा वाढून घेतलं. चव लागलेला माणूस फार चौकशा करत नाही.

एके दुपारी यमूबायनं तिला पकडलं. कानानंच पकडलं. दारात उभं राहून ती म्हणाली, "ऐक्याच्या चुलीवर डोकं उकळतंय. मला रटरट ऐकू येते. काय करतेस?"

नाथीनं झाकण काढलं. लपवण्यात आता काही उरलं नव्हतं. जे बघितलं ते तिनं सांगितलं, कोंबड्यांपासून ताटापर्यंत. तिला वाटलं सासू मडकं फोडेल.

यमूबाय खाली बसली. बोलली तेव्हा तिचा आवाज कुणी कधी ऐकला नसेल इतका बारीक होता.

"म्हणजे माझ्या धन्याचे कान मी मारले? या हातांनी?"

"आये, तुम्ही मायेनं वाढलंत."

"मायेनंच गो. तांदळात एक लाल कणी दिसली तर सगळा पुन्हा सडायची मी." तिनं पदरानं तोंड पुसलं. मग उठली, मडक्यात वाकून बघितलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "कोकम कमी घातलंस. आणि कल्ल्यामागचा भाग टाकू नकोस, सगळा जीव तिथं असतो."

त्या हंगामात लडकूच्या कानांचा उतार थांबला. मग, असं म्हणतात, गेलेलं थोडं थोडं माघारी आलं. आधी नाथीची हाक आली, मग दिवेलागणीचे बगळे आले, आणि मग वल्ह्यातला ढोल असा स्पष्ट आला की लडकू दचकून मागं सरला. जाळी फाटेस्तोवर मासा मिळाला. गाव म्हणालं, बघा, पांढऱ्या ताटाचं पुण्य! आणि घरोघरून बत्तासे दुप्पट आले.

पण खोट्याच्या पायात काटा मोडतोच, आणि इथं तर तो गळ्यात अडकला.

भर समुद्रात, बारकू नाखव्याच्या होडीत, लडकू बांधून आणलेला भात खात होता. बारकू म्हणजे गावचा पुढारी, सगळ्यांत मोठ्या होडीचा धनी. एकाएकी लडकूला ठसका लागला. डोळे पांढरे झाले. खलाशांनी पाठीत बुक्के घातले, भाताचे कोरडे गोळे गिळवले, उलटा धरला. आणि मग जे बाहेर पडलं ते बारकूच्या तळहातावर पडलं. माशाचा काटा होता.

बारकूनं काट्याकडं बघितलं, लडकूकडं बघितलं.

"ऐक्या," तो म्हणाला, "तू मासा खातोस?"

लडकूला तेव्हाच सगळं उमगलं, तो भात, ती चव. त्यानं घाईनं वल्हं पाण्यात सोडलं आणि दांडा कानाशी धरला. काही नाही. दुसऱ्या बाजूला धरला. काही नाही. समुद्र मुका झाला होता. होड्या रिकाम्या परतल्या. दुसऱ्या दिवशीही लडकूनं ऐकलं, तिसऱ्या दिवशीही, आणि पाण्यातून शब्द आला नाही.

गाव बंदरावर जमलं. एका बाजूला बाप्ये, एका बाजूला बाया, मध्ये लेकीला कडेवर घेऊन नाथी. लडकू तिच्याकडं बघत नव्हता.

बारकू म्हणाला, "हिनं समुद्राला बाटवलं. हिला माहेरी घालवा, आणि पोर इथं ठेवा. ऐक्याचं रक्त आहे ते. व्रत पुन्हा धरू, तेव्हा कुठं समुद्र बोलेल."

नाथीनं लेकीला अशी आवळली की ती रडायला लागली. मग आयुष्यात पहिल्यांदा ती चार माणसांसमोर बोलली.

"नाखवा, ज्याच्या तोंडाला मासळीचा वास त्याच्याशी मासा बोलत नाही, असंच ना? मी दात आल्यापासून मासळी खाते. वल्हं माझ्या कानाला लावून बघा. मासा बोलला नाही तर मी आपली चालत जाईन, घालवावं लागणार नाही."

"आणि पोर?"

नाथीनं लेकीकडं बघितलं. "पोरसुद्धा देईन."

बायांमध्ये एक हुंदका फुटला. बारकू हसला, पण ते हसू खरं नव्हतं.

"बाई होडीत? येडी का खुळी तू? होडीला बाईचा पाय चालत नाही."

तेवढ्यात यमूबाय पुढं आली. "का रं बारक्या? होडीला बाईचं नाव चालतं, बाई नाही चालत? तुझ्या होडीचं नाव काय रं? सांग सगळ्यांना! आयेचं नाव ठेवलंस ना? मग रोज तिच्या पाठीवर बसून जातोस तेव्हा नाही बाटत समुद्र?"

लोकांना हसू आवरेना. बारकूची मान खाली गेली. तरी तो हटेना.

मग कट्ट्यावरून जोमा उठला. त्याला यातलं काही ऐकू आलं नव्हतं. पण तोंडं वाचायला तो शिकला होता, आणि सुनेच्या कडेवरची रडणारी नात त्याला दिसत होती. म्हातारा चालत घरात गेला आणि आपलं जुनं वल्हं घेऊन आला, कानाशी धरून धरून दांडा गुळगुळीत झालेलं. ते त्यानं नाथीच्या हातात दिलं. तिच्या डोक्यावर हात ठेवला. जुन्या ऐक्यानं आपलं वल्हं दिलं, त्यावर बोलणार कोण?

नाथी लेकीला सासूकडं देऊन बारकूच्या होडीत चढली, मागून लडकूही चढला. होड्या खाडीबाहेर गेल्या, शिडं उतरली, वल्ही थांबली. नाथीनं पातं पाण्यात सोडलं आणि डोळे मिटले.

आणि पाणी तिच्यापुढं उघडलं.

असं म्हणतात की आधी तिला कोलंबीची तडतड ऐकू आली, गरम तव्यावर मोहरी फुटावी तशी. मग खडकाला चिकटलेल्या कालवांची शिंपली मिटताना ऐकू आली. नदीचं गोडं पाणी खाऱ्याला जिथं मिळतं तिथली कुजबूज आली. खेकड्यांची पावलं आली, वाळूवर वाळू सरकली ते आलं. बुडालेल्या होड्यांची लाकडं अजून कुरकुरत होती, तेही तिनं ऐकलं, आणि तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. आणि या सगळ्याच्या खाली, दूर, फार दूर, कुठल्यातरी न दिसणाऱ्या गावात वरात निघाली होती. ढोल वाजत होते.

तिनं हात वर केला आणि बोट दाखवलं. जिकडं आजवर कुणी जाळं टाकलं नव्हतं तिकडं.

जाळी पडली. ओढायला घेतली तर होडी कलली. दुसऱ्या होड्यांनी दोर धरले. पाणी आधी काळं होतं, मग पिवळं झालं, मग सोन्यासारखं पेटलं, आणि घोळीचा थवा वर आला. अख्खी होडी घुमत होती. खलाशांच्या छातीतून ढोल वाजत होते. बारकू नाखव्यानं डोईची टोपी काढली आणि फळीवर मटकन बसला.

नाथीनं वल्हं लडकूपुढं धरलं. "आता तुम्ही ऐका."

"माझ्याशी नाही बोलत तो."

"कान शाबूत आहेत तुमचे. भीतीनं मिटलेत. धरा."

लडकूनं दांडा कानाशी नेला. क्षणभर त्याचा चेहरा तसाच राहिला. मग त्याचे ओठ हलले आणि तो लहान पोरासारखा म्हणाला, "वाजतंय. नाथे, वाजतंय गो!"

होड्या काठापर्यंत पाण्यात बुडालेल्या अशा परत आल्या. यमूबायला त्या खाडीत शिरण्याआधीच ऐकू आल्या होत्या. तिनं नातीला खांद्यावर घेऊन बंदरावर नाच केला, असं म्हणतात.

पांढरं ताट त्या दिवशी संपलं.

नाथीनं सासऱ्यालाही मनापासून खाऊ घातलं, डोक्याचा रस्सा, पाला, तीळ, सगळं. त्याच्या अंगावर मांस चढलं, चेहऱ्यावर तेज आलं. पण कान उघडले नाहीत. जे पुरतं गेलं ते नाथीलाही आणता आलं नाही. गोष्ट सांगणारे हे लपवत नाहीत. "आहे ते राखता येतं, आये," ती सासूला म्हणाली, आणि यमूबायनं मान हलवली. त्यानंतर यमूबाय रोज धन्याशेजारी कट्ट्यावर बसे आणि हसायची वेळ झाली की त्याच्या गुडघ्यावर टिचकी मारी. जोमा पुन्हा कधी चुकीच्या जागी हसला नाही.

नाथीची कीर्ती खाडीभर झाली. कान जड झालेली माणसं होडी करून येत. ती औषध देत नसे. कान दुखतोय, वाहतोय असं कुणी म्हणालं तर त्याला ती वैद्याकडं धाडी. बाकीच्यांना एकच विचारी, "ताटात काय असतं?" आणि तो सांगत असताना त्याच्या बायकोकडं, आईकडं बघे, कारण पुढचं बोलणं त्यांच्याशी असे.

दरसाल तिचे कान तिखट होत गेले. म्हातारपणी ती बंदरावर बसून सांगे, कुणाची होडी कुठल्या खडकाला वळसा घालतेय. वादळ उठण्याआधी पाण्याखालून त्याची पावलं तिला ऐकू येत. तिनं अंगणातून सूप वाजवलं की होड्या माघारी फिरत. ती होती तोवर तिवरपाड्याचं एकही माणूस समुद्रानं नेलं नाही, असं म्हणतात.

मग एका ओहोटीला तिनं वल्हं मागितलं. केस कापसासारखे झाले होते, पण चाल ताठ होती. लडकू तेव्हा राहिला नव्हता. लेक म्हणाली, "आये, मी येते." नाथी म्हणाली, "ऐकायला एकटंच जायचं असतं बाय." ती गाळातून चालत कमरभर पाण्यात गेली, पातं खाली सोडलं आणि दांडा कानाशी धरून उभी राहिली. भरती आली. लोकांनी हाका मारल्या. तिला त्या ऐकू आल्या नाहीत असं कसं म्हणावं? ऐकू आल्याच असतील. पण तिला त्याहून मोठं काही ऐकू येत असावं. ती नुसती हसली आणि वळली नाही.

ओहोटी लागली तेव्हा तिथं फक्त वल्हं होतं, गाळात सरळ उभं. ते उपटून आणायला माणसं गेली. त्यांनी दांड्याला हात लावला, मग सहज कान लावला, आणि उपटायचं विसरून तशीच परत आली. काय ऐकलं ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही.

तिवरपाड्यात आजही हंगामाची पहिली घोळ मिळाली की तिचं डोकं विकत नाहीत. गिऱ्हाईक कितीही मोठं येवो, ते नाथीचा वाटा. बंदरावर मोठं मडकं चढतं. त्यात डोकं, शेवग्याचा पाला, कोकम पडतं, आणि सोबतीला कोंड्यासकट लाल भात शिजतो. सारं गाव पंगतीला बसतं. तेव्हा कुणी बोलत नाही, पोरंसुद्धा नाही. नुसतं पाणी ऐकू येतं.

गावातली सगळ्यांत नवी सून पंगतीच्या पाठीमागून फिरते. प्रत्येकाच्या मागं ती वाकते आणि श्वासाइतक्या हळू आवाजात विचारते, "वाढू?" ज्याला ऐकू येतं तो हात वर करतो, आणि ती त्याच्या ताटात पळीभर वाढते.

ज्याचा हात वर होत नाही त्याला कुणी हसत नाही. सून पुढं येते, त्याच्यासमोर बसते, आणि त्याच्या ताटात दोन पळ्या वाढते.